‘विसरून जा’ म्हणू नका

आपल्यातल्या एखाद्या जोडप्याचं बिनसल्याचं कानावर आलं, की थोरामोठ्यांचा सल्ला ठरलेला : ‘झालं गेलं विसरून जा.’ या सल्ल्याला माझा विरोध आहे. सगळं विसरल्याशिवाय, राग पुरता निवळल्याशिवाय क्षमा खरी नव्हे, या समजुतीपायी कितीतरी बायका स्वतःलाच कोत्या मनाच्या ठरवून कुढत राहतात.

लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर त्यामुळे काय ओढवलं असेल! काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ साली. इतक्या वर्षांनीही टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणं, यातलं काही त्यांनी झाकलं नाही. आणि त्यांच्यावरची माया तर पानापानांत आहे. या बाईनं क्षमा केली नव्हती, असं कोण म्हणेल? विसरल्या मात्र काहीच नव्हत्या.

इथे अमेरिकेत आपल्यातल्या अनेकजणी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आल्या. २०१५ पर्यंत या व्हिसावर नोकरीची मुभाच नव्हती. त्यानंतरही ती मिळते, ती नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्यावरच. शिकल्यासवरल्या मुलींची उमेदीची वर्षं घरात गेली. कायदा काही नवऱ्यानं केला नव्हता. पण ‘तुला काय, दिवसभर घरीच तर असतेस’ हे तोच बोलला. आज ती त्याच्या दुखण्याखुपण्यात रात्र रात्र जागते, आणि ते बोलणं आठवलं की तिच्या पोटात अजून तुटतं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. नवऱ्यांच्या मनातही असे सल असतात, ते तर बोलूनही दाखवले जात नाहीत.

मारहाण आणि धाक यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी त्या बाईला सुरक्षित जागी पोचवायचं, क्षमेचं नावही काढायचं नाही.

बाकी संसारांत मात्र दुखावलेल्याला विसरायला लावणं म्हणजे त्याला गप्प बसवणं. पुढच्या वेळी कुणी आपल्या मराठी मंडळात मन मोकळं करायला आलं, तर उपदेश करू नका. जोडीदाराला एवढंच विचारा : मध्ये न तोडता, सबबी न सांगता, तू तिचं सगळं ऐकून घेतलंस का?