शुश्रूषेची वर्षे लपवू नका

पदवी हाती पडताच आजीच्या उशाशी बसलेली नात दोन वर्षांनी नोकरी शोधू लागते, तेव्हा ती ‘रिकामी’ वर्षे तिला खुपतात. वस्तुतः ती रिकामी नसतात. व्यावसायिक ओळखींसाठीच्या ‘लिंक्डइन’वर २०२२ पासून अनुभवाच्या विभागात ‘करिअर ब्रेक’ नोंदवण्याची सोय आहे. कारणांमध्ये शुश्रूषेचाही समावेश आहे. औषधांचे वेळापत्रक, विम्याची कागदपत्रे, डॉक्टरांशी समन्वय ही कामे तेथे नेमक्या शब्दांत मांडावीत. मात्र रुग्णाचे नाव, आजार वा छायाचित्र देऊ नये. ते सांगण्याचा अधिकार आजीचाच. आणि आजी-आजोबांनी नातवंडांना आवर्जून सांगावे, आमच्यासाठी दिलेली वर्षे अभिमानाने लिहा.