टाके निघाले म्हणजे कान बरा झाला का?

आमच्या गावात पोराचा कान वाहणं हे नाक वाहण्याइतकंच साधं धरलं जायचं. "वय वाढलं की थांबतं आपोआप," म्हातारी माणसं म्हणायची. मग लसूण घालून कडवलेलं तेल कानात, वर कापसाचा बोळा, आणि पोरगं निघालं म्हसरांमागं. शाळेत ते मागच्या बाकावर. गुरुजींची हाक त्याला ऐकूच जायची नाही, म्हणून आधी ते मठ्ठ ठरायचं आणि मग बहिरं.

हे एकट्या आमच्या गावाचं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात अंदाज आहे की जगात ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांतल्या साठ टक्क्यांना कमी ऐकू येतं. यात गरिबाघरची माणसंच जास्त.

आता दिवस पालटले. कानाच्या पडद्याला भोक असलं तर कानामागच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून त्याचं ठिगळ लावतात. १९५० च्या दशकात जर्मनीत सुरू झालेली ही विद्या आज जिल्ह्याच्या गावापर्यंत आली आहे. चांगलंच झालं. माझं भांडण शस्त्रक्रियेशी नाही, तिच्या हिशेबाशी आहे.

माझ्या थोरल्या चुलतभावाचं असं ऑपरेशन शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात झालं. दहाव्या दिवशी टाके काढले, कागदावर लिहिलं: शस्त्रक्रिया यशस्वी. ठिगळ बसलं होतं, खोटं काही नव्हतं. पण वहिनी बांधावरून हाका मारून दमायच्या आणि हा आपला मोटारीजवळ पाठमोरा उभा. पुढं दोन वर्षांनी कानातून पुन्हा घाण वास यायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आतलं हाड पोखरलंय. असंच ठेवलं तर मेंदूपर्यंत जाईल." पुन्हा ऑपरेशन, पुन्हा कर्ज. या खेपेला कानामागचं हाड कोरून काढावं लागलं. आत जी पोकळी राहिली, ती सहा महिन्यांनी-वर्षानं जन्मभर साफ करून घ्यावी लागते.

पहिल्या डॉक्टरांचा हात वाईट होता असं मी म्हणत नाही. हाड पोखरणारा हा रोग बारीकसा तुकडा मागं राहिला तरी परततो, कधी कधी पाच-सात वर्षांनीही. पण दहाव्या दिवसानंतर त्या रुग्णालयानं त्याची चौकशीच केली नाही. म्हणजे त्यांच्या वहीत माझ्या भावाचा कान आजही बऱ्या झालेल्या कानांतच मोजलेला असणार! मग अशा किती कानांची बेरीज करून ते टक्के काढतात?

आमच्याकडं किती एकर पेरलं यावर साल ठरत नाही. खळ्यावर किती पोती पडली यावर ठरतं. शिबिराच्या फलकावर मात्र नुसती पेरणीच असते: इतके तपासले, इतक्यांची ऑपरेशनं केली. वर्षानं त्यांतले किती कान कोरडे आहेत, किती जणांना ऐकू येतंय, किती जणांचा रोग परतला, हे कुठल्या फलकावर लिहिलेलं पाहिलंय तुम्ही?

मोजायची रीत डॉक्टरांना माहीत नाही असंही नाही. कानाच्या तपासणीत दोन आकडे येतात: हवेतून किती ऐकू येतं आणि हाडातून किती. दोन्हींतलं अंतर ऑपरेशननंतर २० डेसिबलच्या आत आलं तर साधारणपणे ऐकण्याच्या बाजूनं काम साधलं म्हणतात. ही तपासणी ऑपरेशनच्या आधी होते. नंतर मात्र रोगी आपणहून गेला तरच.

"बोलावलं तरी पेशंट येत नाहीत," डॉक्टर म्हणतात. खरं आहे. तीन महिन्यांनी यायचं ते नेमकं कांदा काढणीत. एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, आणि कान वाहायचा थांबलेला असतो, मग कोण जातं? पण लसीकरणासाठी आशाताई वस्तीवर येतातच की! बहिरेपणा रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे. त्यात ऑपरेशन झालेल्यांची यादी आशाताईंकडं दिली, वर्षभरानं एक फोन केला, तर काय बिघडतं?

आणखी एक. रोग हाडात असला तर डॉक्टरांचं पहिलं काम जीव वाचवणं, ऐकू येणं त्यानंतर. ते रास्तच आहे. पण तसं आधी, आमच्या भाषेत सांगा. "कान कोरडा होईल, ऐकू येईलच असं नाही," एवढं वाक्य कळलं असतं तर माणूस उगाच आशा लावून बसत नाही.

तेव्हा ज्याच्या घरात वाहता कान आहे त्यानं अंगठा उठवण्याआधी विचारावं: हे ऑपरेशन कान कोरडा करायला आहे की ऐकू यायला? रोग परत येऊ शकतो का? किती वर्षं दाखवत राहायचं? आणि टाके निघाल्यावर विहिरीत उडी मारायला जाऊ नये. तीन महिन्यांची आणि वर्षाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी, त्या दिवशी कान वाहत नसला तरी जावं, आणि ऐकण्याची तपासणी मागून घ्यावी.