लॉगिन होत नाही म्हणजे शेतकरी अडाणी?

अर्जाची मुदत जवळ आली की घरच्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरं येतात, 'इनव्हॅलिड'. वर ऐकवतात, "शेतकऱ्याला जमत नाही." हे मला मान्य नाही.

कपाशीचं पान लाल पडलं तर आपण मॅग्नेशियम बघतो, तुडतुडे बघतो, थंडी बघतो. दिसलं पान की मारला फवारा, असं करत नाही. इथंही तसंच करा.

आधी कळफलक मराठीवर आहे का बघा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, चूक कळत नाही. मग कॅप्स लॉकचा दिवा. मग तारीख-वेळ. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला, की लाईट गेल्यावर घड्याळ मागं पडतं आणि ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून साईटच अडवतो. सेल बदला, तारीख लावा. सारखे प्रयत्न करू नका, खातं लॉक होऊ शकतं.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तर दोष आपला नाही. नाव चुकलं की पासवर्ड, हे सुरक्षेसाठी सांगत नाहीत, ठीक. पण सर्व्हर बंद आहे हे मराठीत लिहायला काय हरकत? जेवढे दिवस बंद, तेवढी मुदत वाढवा.

तोवर तारीख-वेळेसह स्क्रीनचा फोटो काढा, लेखी तक्रारीला जोडा, पोच घ्या. पासवर्ड मात्र कुणाच्या वहीत लिहून देऊ नका.