अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

ग्रामीण स्त्रीचे बँकखाते हा अर्थशास्त्राचा विषय, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात नाक खुपसू नये, असे मानणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. ‘खातेदार’ हा एक शब्द आहे आणि शब्दाला अर्थ उरला आहे की नाही, हे तपासणे आमचेच काम आहे.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास आठवावा. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रिया निरक्षर होत्या. ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या बायका लिहावाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि १९९७ मध्ये त्यांची बँक उभी राहिली. आज गावातल्या बँकमित्राच्या यंत्रावर पुन्हा अंगठाच टेकवावा लागतो. आणि खुरपून, भांडी घासून रेषा झिजल्या असतील तर यंत्र तोही नाकारते. कष्टाने कमावलेली सही तिथे कुणी विचारीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ग्रामीण भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या ७७.४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचे बँकखाते होते. स्वतः वापरण्याचा मोबाइल मात्र ४६.६ टक्के स्त्रियांकडेच. आमचा आक्षेप या दोन आकड्यांमधल्या दरीविषयी आहे. मोबाइल नसलेल्या बाईचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात वाजतो. खाते तिचे, किल्ली त्याची. यालाच आपण ‘सक्षमीकरण’ म्हणायचे काय?

‘माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४ पासून दरमहा १५०० रुपये थेट स्त्रीच्या खात्यात देऊ केले गेले, हे स्वागतार्हच. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ई-केवायसीने विवाहितेकडे पतीचा आणि अविवाहितेकडे वडिलांचा आधार क्रमांक व ओटीपी मागितला. कुटुंबाचे उत्पन्न तपासायला हे आवश्यक होते, असा युक्तिवाद होईल. मग नवऱ्याशी अबोला असलेल्या, त्याने टाकलेल्या बाईने काय करावे, हा प्रश्न नियम करतानाच कुणाला का पडू नये? विधवा-घटस्फोटितांसाठी वाट काढावी लागली ती मागाहून.

आमच्या मागण्या साध्या आहेत: खात्याला तिचाच मोबाइल क्रमांक, अंगठा न जुळल्यास सहीवर पैसे, आणि तिला वाचता येतील अशा मराठीतल्या नोंदी. सरकारी वाक्यांत ती सदैव चतुर्थीत असते: ‘बहिणींना दिले’. तिला कर्त्याची जागा मिळेपर्यंत त्या वाक्यांवर आम्ही बोट ठेवत राहू, विद्यार्थ्यांनीही ठेवावे.