हातातली तोफ आणि जखमी हरीण

क्लिंट ईस्टवूडचा ‘डर्टी हॅरी’ १९७१ साली पडद्यावर आला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या करारी पोलीस इन्स्पेक्टरइतकेच त्याच्या हातातले लांब नळीचे रिव्हॉल्व्हरही प्रसिद्ध झाले. त्या रिव्हॉल्व्हरला अमेरिकेत एवढी मागणी आली की काही काळ ते दुकानांत मिळेनासे झाले. त्यात जे काडतूस भरले जाते त्याचे नाव ‘.४४ मॅग्नम’. पण हे काडतूस काही गुंडांचा पाठलाग करण्यासाठी जन्माला आले नव्हते. त्यामागे होता एका शिकाऱ्याचा हट्ट.

एल्मर कीथ हे आयडाहो राज्यातले गुरे राखणारे, शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारे गृहस्थ. बाजारात मिळणारे ‘.४४ स्पेशल’ काडतूस त्यांना मिळमिळीत वाटे. त्यात जास्त दारू आणि स्वतः घडवलेली जड, चपट्या नाकाची गोळी भरून ते वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिले. कंपन्यांनीही असे काडतूस काढावे म्हणून त्यांनी सतत पाठपुरावा केला. अखेर १९५५ साली रेमिंग्टन कंपनीने काडतूस आणि स्मिथ अँड वेसन कंपनीने त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर तयार केले. नव्या काडतुसाची लांबी मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटरने वाढवली होती. त्यामुळे ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतच नाही आणि चुकून भरले जाऊन हत्यार फुटण्याचा धोका टळतो.

या काडतुसाची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमची. सोनाराच्या भाषेत सांगायचे तर एक तोळा चार मासे. ती नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने बाहेर पडते आणि तिच्यात साधारण १,३०० ज्यूल ऊर्जा असते. पोलिसांच्या नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीत ती ५०० ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे अडीच पटीहून अधिक फरक झाला. मग एवढ्या ताकदीचे हत्यार हरणाच्या शिकारीला पुरेसे का पडू नये?

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेच्या शिकारीची दारे बंद झाली आहेत. अमेरिकेत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून शिकार करता येते. तिथल्या अनेक राज्यांत हरणाची शिकार रिव्हॉल्व्हरनेही करता येते. काडतूस किती ताकदीचे हवे, नळी किती लांब हवी, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. म्हणूनच हा प्रश्न तिथे नुसता गप्पांचा नाही. त्यावर एका मुक्या जिवाचा शेवट कसा होणार हे ठरते.

प्रथम ताकदीचा हिशेब पाहू. ‘.३०-०६’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय शिकारी रायफलीच्या गोळीत ३,८०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ‘.४४ मॅग्नम’च्या जवळजवळ तिप्पट! शिवाय रायफलीची टोकदार गोळी दूरवर वेग टिकवते. रिव्हॉल्व्हरची आखूड, बोथट गोळी हवेशी झगडतच पुढे जाते. ९० मीटरवर पोहोचेपर्यंत तिची ऊर्जा ८०० ज्यूलपर्यंत घसरते.

तरीही ती हरणाला मारू शकते का? निःसंशय मारू शकते. पण कशी, हे समजून घ्यायला हवे. रायफलीची वेगवान गोळी शरीरात शिरताच भोवतालच्या मांसाला जबर हादरा देते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिचे काम मुख्यतः भोक पाडण्याचे. ते भोक हृदयातून किंवा दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले, तर जनावर थोडे अंतर धावून कोसळते. पोटात किंवा मांडीत गेले, तर तेच जनावर मैलभर पळते आणि कुठल्या तरी झुडपात तासन् तास तडफडते. कीथ यांनी जड, चपट्या नाकाच्या गोळीचा आग्रह धरला तो याचसाठी. अशी गोळी खोलवर जाते आणि वाटेत स्वच्छ, रुंद भोक पाडते.

म्हणजे सारा भार आला नेमावर. आणि मॅग्नमची खरी अडचण इथेच आहे. हरणाच्या छातीतला वर्मी भाग असतो नाश्त्याच्या ताटलीएवढा, वीसेक सेंटिमीटर रुंदीचा. रिव्हॉल्व्हरच्या मागच्या खाचेत आणि पुढच्या माशीत अंतर असते जेमतेम वीस सेंटिमीटर. नेम धरताना माशी एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी ५० मीटरवर गोळी २५ सेंटिमीटर बाजूला जाते. १०० मीटरवर ती चूक अर्ध्या मीटरची होते! रायफलीला खांद्याचा आधार असतो, लांब नळी असते, दुर्बीण असते. रिव्हॉल्व्हर मात्र दोन हातांच्या तळव्यांवर तोललेले असते.

त्यात धक्क्याची भर. या रिव्हॉल्व्हरचा धक्का एवढा असतो की काही गोळ्या झाडल्यावर मन आधीच बिचकू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट खाली झुकते आणि गोळी भलतीकडेच जाते. म्हणून जाणकार नवशिक्याला त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य ‘.४४ स्पेशल’ काडतुसे भरून सराव करायला लावतात. हात बसला की मगच मॅग्नमची पाळी.

मग आणखी मोठे काडतूस घेतले तर? तेही करून झाले आहे. स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये ‘.५००’ मॅग्नम आणले. त्याची ऊर्जा ३,५०० ज्यूलपर्यंत, म्हणजे रायफलीच्या जवळपास पोहोचते. पण रिव्हॉल्व्हरचे वजन गेले दोन किलोवर आणि धक्का तर विचारूच नका. ताकद वाढली, नेमाची अडचण तिथेच राहिली. उलट तेच जुने ‘.४४’ काडतूस खांद्याला लावायच्या छोट्या कार्बाईनमधून उडवले, तर लांब नळीमुळे त्याची ऊर्जा २,००० ज्यूलच्या पुढे जाते आणि नेमही स्थिर राहतो. काडतूस एकच, पण त्याला दस्त्याचा आधार मिळाला की त्याची लायकी बदलते.

अनुभवी शिकाऱ्यांची यावरची कसोटी अगदी साधी आहे. वीस सेंटिमीटरची कागदाची ताटली टांगायची. शिकारीत ज्या स्थितीत उभे राहणार वा बसणार, त्याच स्थितीतून गोळ्या झाडायच्या. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी ताटलीत बसते, तेवढाच आपला टप्पा. कुणाचा तो ७० मीटर भरेल, कुणाचा २५. त्यापलीकडे उभ्या असलेल्या हरणाकडे फक्त पाहायचे.

खुद्द कीथ यांचा एक किस्सा शिकाऱ्यांत फार प्रसिद्ध आहे. त्यांनी आपल्या ‘.४४ मॅग्नम’ने सुमारे ५५० मीटरवरच्या हरणाला गोळी मारल्याचे लिहिले. कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कित्येकांना तो विक्रम वाटला. पण दोघेही किश्शाची सुरुवात विसरतात. ते हरीण सोबत्याच्या रायफलीने आधीच जखमी झाले होते आणि निसटून चालले होते. त्याला तसेच जाऊ देणे कीथ यांना मान्य नव्हते.

जखमी जनावर तसेच सोडले की काय होते, हे आपल्या देशाइतके कुणाला ठाऊक असणार? जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली कुमाऊँमधली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. कॉर्बेट यांच्या नोंदीनुसार तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. ती जुन्या गोळीची जखम होती. त्या मोडक्या सुळ्यांमुळेच तिला नेहमीचे भक्ष्य मारणे जमेना आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांचे मत होते.

हरीण काही नरभक्षक होत नाही. ते मुकाट्याने मरते, एवढाच फरक. म्हणून ‘.४४ मॅग्नम’ शिकारीला योग्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर काडतुसाच्या डबीवर छापलेल्या आकड्यांत सापडत नाही. ते टांगलेल्या त्या कागदाच्या ताटलीत सापडते. तिच्याबाहेर एक जरी भोक पडले असेल, तर शिकाऱ्याने चार पावले पुढे सरकावे, नाहीतर हात खाली घ्यावा.