धारूरच्या घाटात थांबायला जागा द्या

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा. माझ्या गावाच्या नावातच घाट आहे, पण मोटारसायकल घेऊन मी जातो तो धारूरच्या घाटात. श्रावण सरत आला की सकाळीच निघायचं. केज, मग धारूर, किल्ल्याकडे एकदा बघून घ्यायचं आणि तेलगावच्या बाजूने बालाघाट उतरायला लागायचं. दुष्काळ आणि ऊसतोड यांच्याच बातम्यांतून ज्यांना बीड माहीत आहे, त्यांनी हा हिरवा डोंगर पाहिलेला नसतो. उतारावर सीताफळीची झुडपं आहेत. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच माळामुरमाच्या जोरावर. आमच्या शिवारातलं पाणी मांजरेला जातं, घाटाखालचं सिंदफणेला. दोन्ही शेवटी गोदावरीचीच लेकरं, पण त्यांच्या वाटा या डोंगरावर वेगळ्या होतात. दुचाकीवर हे अंगाला कळतं. खाली उतरत जावं तसा पठारावरचा गारवा मागे राहतो आणि काळ्या रानाची ऊब येते.

पण हे बघायला थांबायचं कुठे? पोरं वळणावरच गाडी कडेला लावतात, फोटो काढतात. त्यांना रागवून उपयोग नाही, दुसरी जागाच नाही. गळीत हंगामात तेलगावच्या कारखान्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या याच रस्त्याने उतरतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर एकदम थांबू शकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये जपून उतरणाऱ्यालाही कडेच्या खडीवरून चाक घसरण्याची धास्ती असतेच.

आपल्याच मंत्रालयाचा अहवाल सांगतो की 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. आमच्याकडे दुचाकी हौसेची नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, दवाखान्यात न्यायची म्हातारी आई, सगळं तिच्यावरच.

घाट रुंद व्हावा ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण रुंद रस्त्यावर वेगही वाढतो, म्हणून काम आखताना दुचाकीचा विचार आधीच व्हावा. वळणापासून लांब, डोंगराच्या बाजूला दहा-बारा दुचाक्या उभ्या राहतील असा थांबा हवा. वळणावरची खडी वेळच्या वेळी झाडली जावी. लोखंडी कठड्याला खालच्या अंगाला आणखी एक पट्टी बसवावी, कारण घसरलेला माणूस कठड्याखालूनच दरीत जातो. जमीन वनखात्याची असेल तिथे त्यांच्याशी बोलून मार्ग काढता येईल. एका थांब्याला फार जागा लागत नाही.

येत्या हंगामाची पहिली ट्रॉली घाटात शिरण्याआधी निदान एक थांबा आखून द्यावा, ही विनंती.

आपला,
नांदूरघाटचा एक दुचाकीस्वार