आधी पाय मोजा

मफलर चार बोटं रुंद झाला तरी गळ्याभोवती बसतो. स्वेटर सैल झाला तरी थंडीत अंगात जातो. मोज्याला मात्र अशी सवलत नाही. बोटांपाशी गोळा होणारा, टाचेवरून उतरणारा मोजा बुटात घालून धड चालताही येत नाही. म्हणून पहिल्यांदाच मोजे विणायला घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: टाके किती घालायचे ते दुसऱ्याला विचारू नका, पायाला विचारा.

बाळंतविड्यातल्या इवल्या मोज्यांना नाडी बांधली की भागतं. चालत्या पायाला माप लागतं. बोटांच्या मागे, पंजा सर्वांत रुंद असतो तिथे टेप गुंडाळा. समजा, घेर २२ सेंटिमीटर आला. मोजा त्याहून सुमारे दहा टक्के कमी, म्हणजे २० सेंटिमीटरचा विणायचा. विणकाम आडवं ताणलं जातं आणि त्या ताणामुळेच मोजा पाय धरून ठेवतो. अगदी पायाच्या मापाचा विणलात तर त्याला सुरकुत्या पडतात.

आता नमुना, म्हणजे टाके मोजण्यासाठी विणायचा छोटा तुकडा. ज्या सुयांवर मोजा विणणार, त्याच सुयांवर आणि गोल फेऱ्यांतच तो विणा. सपाट नमुन्यात एक ओळ उलट टाक्यांची येते, आणि पुष्कळांचा हात उलट विणताना सैल पडतो. नमुना धुवा, वाळवा, मग मोजा. १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसले, तर २० सेंटिमीटरला ६४. हे तुमच्या हाताचं आणि त्या पायाचं गणित. उत्तर अडनिडं आलं तर चारनं भाग जाणारा जवळचा आकडा घ्या. मग वरची दोन सुलट, दोन उलट टाक्यांची पट्टी बिनचूक जुळते. सुरुवातीचे टाके मात्र सैल हातानं घाला. ती कड टाचेवरून चढायची असते.

खरी कसोटी टाचेची. निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर मागे-पुढे ३२ ओळी विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा. मग छोट्या छोट्या ओळींनी टाचेची वाटी वळवायची आणि दोन्ही कडांवरून सोळा-सोळा टाके उचलायचे. वाढलेले टाके एक फेरी सोडून, दोन्ही बाजूंना एकेक असे घटवत पुन्हा ६४ वर यायचं. पाऊल वरून उंच असेल तर टाचेच्या ओळी थोड्या वाढवा, म्हणजे कडेला टाकेही जास्त उचलता येतील. मोजा पावलावर काचतो तो बहुधा इथेच ओळी कमी पडल्यामुळे.

लांबी पायापेक्षा सेंटिमीटरभर कमी ठेवा. शेवटचे पाचएक सेंटिमीटर उरले की एक फेरी सोडून चार-चार टाके कमी करत बोटांकडे निमुळतं व्हायचं. उरलेले टाके शिवणसुईनं असे जोडायचे, की सांध्याची गाठ बोटांना लागू नये.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. सरावाला तो चालेल. रोजच्या वापराला ७५ टक्के खरी लोकर आणि २५ टक्के नायलॉन हे मिश्रण उत्तम: लोकर ताणून पुन्हा जागेवर येते, नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा असतो. मोठ्या माणसाच्या एका जोडीला तो पुरतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारातला मोजा बुटाच्या नंबरावर बेतलेला असतो, पण एकाच नंबरचे बूट घालणाऱ्या दोघांची पावलं सारखी नसतात. संध्याकाळी पाय सुजणाऱ्या आजींना तयार मोज्याचं इलॅस्टिक काचतं. त्यांच्यासाठी वरच्या पट्टीत चार-आठ टाके वाढवणं आपल्या हातात असतं. म्हणून घेर, लांबी, टाके, टाचेच्या ओळी सगळं वहीत त्या माणसाच्या नावानं लिहून ठेवा. दुसरा मोजा पहिल्याला जुळायला ते लागेलच, आणि पुढची जोडी विणताना त्या पायाला पुन्हा टेप लावावी लागणार नाही.